सगळ्यांनी दिलेले बारा गुण

त्या वर्षीची स्पर्धा आठवायची म्हणजे मला माझ्या एका ईमेलबद्दल लिहावं लागतं.

जगभरच्या मराठी मंडळांची ती गाण्याची स्पर्धा. दर शहराचा एक गायक, आणि गुण इतर शहरांनी द्यायचे. स्वतःच्या माणसाला गुण देता येत नाहीत. मंडळातल्या तरुणांनी ही रीत युरोपातली स्पर्धा टीव्हीवर बघून उचलली होती. सिंगापूर, दुबई, लंडन, ॲन आर्बर, एकेका ठिकाणचा परीक्षक पडद्यावर येऊन गुण जाहीर करायचा. जास्तीत जास्त बारा.

आमच्या मंडळाने त्या वर्षी माझ्या बायकोला पाठवायचं ठरवलं. सदुसष्ट वर्षांची होती. मंडळाच्या गणपतीत तीस वर्षं गायली, आणि दर वेळी लोकांनी कौतुकच केलं. तिला त्याचा कंटाळा आला होता. "एकदा अनोळखी माणसांनी ऐकून सांगू दे," ती म्हणायची, "मी गाणारी आहे की नुसतीच काकू."

महिन्याभरात स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. "स्पर्धा होईपर्यंत कुणाला कळता कामा नये," तिने बजावलं. केस गेले, टोप आला. एका पार्टीत कुणीतरी म्हणालं, "काकू, नवी हेअरस्टाइल सूट करते हं तुम्हाला!" तिने छान हसून थँक्यू म्हटलं.

अंतिम फेरी शॉमबर्गच्या एका हॉटेलात होती, घरापासून दहा मिनिटांवर. गायकाने उभं राहून गायचं असा नियम, आणि तिला तेवढा वेळ उभं राहवत नव्हतं. खुर्ची मागायला हवी होती. काम एका ओळीचं: गुडघे दुखतात, खुर्ची द्यावी. आमच्या पिढीत गुडघ्यांबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मी चार परिच्छेद लिहिले. जन्मभर पुस्तकं वाचली त्याची ही खोड. त्यात आजार आला, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत आली, तिचं धैर्य आलं. शेवटी 'हे आपल्यातच राहावं' हेही आलं. लिहिताना माझ्या मनात फक्त खुर्ची होती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही.

संयोजकाने ते पत्र 'फक्त तुमच्या माहितीसाठी' म्हणून सगळ्या परीक्षकांना पाठवलं.

ती बसून गायली. अंतऱ्यात वरच्या सुराला दोनदा घसरली, आणि दम न पुरल्यामुळे शेवटची ओळ तोडली. विंगेत येऊन म्हणाली, "पाच-सहा मिळतील. चालेल. ते माझे असतील."

सिंगापूरने बारा दिले. दुबईने बारा. तिने माझा हात घट्ट धरला. मग लंडनच्या परीक्षक बाई पडद्यावर आल्या, रुमालाने डोळे टिपत. "काकू, बारा! यू आर अ फायटर. आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय."

तिने हात सोडला. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तिने ट्रॉफी घेतली, नमस्कार केला, टोप सारखा केला.

गाडीत तिने विचारलं, "किती जणांना लिहिलंत?"

"एकालाच."

"तेवढा पुरला."

त्यानंतर ती चौदा आठवडे जगली. चहा पुढे केला की म्हणे, "वा, बारा गुण." उशी सारखी केली, बारा. एकदा मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडलो. आतून आवाज आला, "अहो, बारा!"

स्पर्धेची चित्रफीत मंडळाच्या पानावर होती, खाली प्रतिक्रियांत जोडलेल्या हातांच्या इमोजींची रांग. एका सकाळी तिने आयपॅड माझ्यासमोर ठेवला. "तुम्हाला पत्रं छान लिहिता येतात. काढून टाका म्हणून लिहा."

लिहिलं. तासाभरात उत्तर आलं, काकूंच्या इच्छेचा मान ठेवला आहे. मग ती माझ्या फोनकडे वळली. तीस वर्षांची गाणी मी कॅसेटवरून उतरवून त्यात ठेवली होती.

"तीसुद्धा?"

"तीसुद्धा. नाहीतर माझ्यामागे लोकांना बसवून ऐकवाल, आणि ते रडतील."

मी एकेक पुसत गेलो, ती शेजारी बसून बघत होती. शेवटचं राहिलं तेव्हा म्हणाली, "आता तुम्ही सांगा. त्या दिवशी कशी गायले?"

"वरच्या सुराला दोनदा घसरलीस. शेवट तोडलास."

"मग किती?"

"सहा."

"पाच," ती म्हणाली, आणि डिलीट स्वतः दाबलं.

ती गेल्यावर मुलगी सिॲटलहून आली. तेराव्याला फोटोसमोर आईचं गाणं लावू म्हणाली. मी म्हटलं, नाहीये. एकही नाही. आईनेच पुसायला लावलं.

"अँड यू लिसन्ड, बाबा? फॉर वन्स?"

तेराव्याला तिने फोनवर कुठल्याशा बाईंचं भजन लावलं. आलेल्या लोकांना तो माझ्या बायकोचाच आवाज वाटला. काही जण रडले. एक गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेवटपर्यंत सूर कसा पक्का होता बघा!" मी मान हलवली.