मंग, पुढं काय झालं?

"मंग? पुढं काय झालं?"

हे विचारताना सिस्टरबाई मुलाच्या डोळ्यांत अशा पाहायच्या की जणू त्यांचं दिवसभराचं काम त्या एका उत्तरासाठी अडून बसलं आहे. डावा हात मुलाच्या दंडावर, उजवा टेबलाच्या आड. मूल सांगायला लागायचं, शेळी कुठे गेली, मामानं काय आणलं, आणि तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. मुलाच्या लक्षात येईपर्यंत कापसाचा बोळा दाबून झालेला असायचा. मग रडून तरी काय करणार?

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दवाखान्यात डॉक्टरचं नाव पाटीवर असतं, पण लोक येतात ते दुसऱ्याच कुणाच्या भरवशावर. आमच्या पांढुर्ण्यात, बाजाराच्या गल्लीतल्या मुलांच्या दवाखान्यात ते माणूस म्हणजे सिस्टरबाई. साठीच्या जवळपास, ठेंगण्या, पांढऱ्या साडीवर निळं स्वेटर, आणि कमरेला लाल दोऱ्यात ओवलेली लसीच्या फ्रिजची किल्ली. त्यांचं नाव दवाखान्याच्या रजिस्टरात असेल. आम्ही कधी विचारलं नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती गुड्डीमुळे. माझी मुलगी तीन वर्षांची असताना तिला फ्लू झाला. साधी सर्दी समजून आम्ही दोन दिवस आल्याचा रस पाजत बसलो, तिसऱ्या दिवशी तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. नागपूरला नेली, चार दिवस नाकाला नळी. परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हिची छाती नाजूक आहे, फ्लूची लस दरवर्षी चुकवायची नाही. पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतरानं दोन, मग दरसाल एक. मी मान डोलावली. पण दरसाल लक्षात ठेवायचं ते मी नाही ठेवलं, सिस्टरबाईंनी ठेवलं.

पावसाळा सरता सरता आंबिया बहाराची संत्री मंडीत यायला लागली की शाळेच्या मधल्या सुट्टीत माझा फोन वाजायचा. "सर, संत्री उतरून राहिली. पोरीले आणा." बस्स. लसीचं नावसुद्धा नाही, फोन बंद. असे किती घरी फोन करायच्या कोण जाणे.

लोक वाद घालायचे. एकदा टोचलं ना, मग परत कशाला? एका आजोबांनी तर दवाखान्यातच आवाज चढवला होता. सिस्टरबाई कापूस फाडता फाडता म्हणाल्या, "आबाजी, नातवाचा मागच्या सालचा सदरा बसते काय त्याले? हा ताप बी दरसाली बदलून येते. मंग लस बदलाव लागते." आजोबा सदऱ्याकडे पाहून नातवाची बाही वर करायला लागले. मी विज्ञानाचा मास्तर. हेच मला वर्गात फळा भरूनही इतकं नीट सांगता आलं नसतं.

आता त्यांची खरी खोड सांगतो. प्रत्येक मुलाच्या लसीच्या कार्डावर, तारखेच्या शेजारी, त्या पेन्सिलीनं एक शब्द लिहून ठेवायच्या. मुलाची गोष्ट जिथं तुटली तिथला शब्द. गुड्डीच्या कार्डावर चौथ्या वर्षी लिहिलं होतं, 'बकरी'. पुढच्या साली आम्ही गेलो तर कार्ड उघडून म्हणतात, "काहून गं, ते बाजूवाल्याची बकरी गाभण व्हती ना? मंग, पुढं काय झालं?" पोरगी हरखून गेली. वर्षभर तिची बकरी कुणीतरी सांभाळून ठेवली होती. ती सांगायला लागली, सुई टोचून झाली, आणि कार्डावर नवा शब्द आला, 'दोन पिल्लं'.

त्यामुळे आमच्या घरी उलटाच प्रकार. बाकीची लेकरं सुईच्या नावानं पलंगाखाली शिरायची, आमची विचारायची, संत्री कधी उतरतात? सिस्टरबाईही तिला सगळ्यांच्या आधी घ्यायच्या, म्हणजे रांगेतल्या इतरांना धीर यायचा.

गुड्डी सहा वर्षांची झाली त्या साली माझ्या हातून जे झालं, ते आता सांगतो. सांगायला उशीर केलाय.

लसी नागपूरहून रेल्वेनं आल्या, बर्फाच्या पेटीत, आणि त्याच दुपारी दवाखान्याचा फ्रिज बंद पडला. मिस्त्री सकाळी येणार. दवाखान्याच्या मागच्या अंगाला आमचं घर आणि आमचा फ्रिज नवा. सिस्टरबाई खोका स्वतः घेऊन आल्या. आमच्या फ्रिजमधली कोथिंबीर-दही बाजूला सारून खोका मधल्या फळीवर, भिंतीला टेकणार नाही असा ठेवला. म्हणाल्या, "सर, इथून हालवू नोका. वर बर्फात तर बिलकुल नोको." आणि जाताना बायकोला म्हणाल्या, सर सायन्स शिकवतात, मला काळजी नाही.

संध्याकाळी लाईन गेली, सगळ्या गल्लीत अंधार. अर्धा तास झाला, तास झाला, मला चैन पडेना. इतक्या लेकरांची लस आपल्या घरी, ती गरम झाली तर? मी खोका उचलला आणि वर बर्फाच्या कप्प्यात ठेवला. तिथं अजून गारवा होता. लाईन आली की खाली काढू, म्हटलं. लाईन आली, आणि मी वह्या तपासत बसलो. सकाळी पाहतो तो खोक्याला पांढरं बर्फ चढलेलं. मी तो पुसला, खाली ठेवला. आतल्या बाटल्यांतली गोठलेली लस तासाभरात वितळून साध्या पाण्यासारखी दिसायला लागली. जितकं थंड तितकं चांगलं, असं मी स्वतःला समजावलं. विज्ञानाचा मास्तर, बघा.

सिस्टरबाई खोका न्यायला आल्या आणि सवयीनं विचारलं, "खालीच व्हता ना?"

मी मान डोलावून म्हटलं, "हाव."

दवाखाना गच्च भरलेला. तिगावहून, आजूबाजूच्या खेड्यांतून लोक लेकरं घेऊन आलेले. गुड्डी पहिली. मी तिला मांडीवर घेऊन बसलो. सिस्टरबाईंनी सुई भरली, दंड पुसला, कार्ड पाहिलं. पिल्लांची गोष्ट तर संपली होती, म्हणून त्यांनी नवीन काढली. काल घरी काय काय केलं, सांग बरं. मंग, पुढं काय झालं?

गुड्डी म्हणाली, "लाईन गेल्ती. मंग बाबांनं तुमचा खोका बर्फात ठेवला."

त्यांचा हात थांबला. इतक्या वर्षांत तो हात गोष्टीच्या मध्ये थांबलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि मी खाली पाहिलं. त्यांनी सुईवर टोपण लावलं. गोठलेली लस म्हणजे मेलेली लस, हे मला मागाहून कळलं. टोचली तर वरून काही दिसत नाही, आणि आई-बाप निश्चिंत होऊन घरी जातात. माझ्या मांडीवर माझीच मुलगी होती, जिला श्वासासाठी नळी लागली होती, आणि तिलाही मी तेच टोचू देणार होतो. ते आठवलं की आजही मला माझी शरम वाटते.

सिस्टरबाई बाहेर बाकड्यांपाशी गेल्या. मला वाटलं, आता आपली शोभा. पण त्या सगळ्यांना म्हणाल्या, "लस माह्या हातून गोठली. दोन दिसांनं या. मी फोन करतो." लोक कुरकुरले. भाडं खर्चून आलेल्या बायका त्यांना नको ते बोलल्या. डॉक्टर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्यांना बोलले. त्या ऐकून घेत उभ्या राहिल्या. मीही उभा होतो, चार हातांच्या अंतरावर.

त्याच दिवशी फ्रिजची किल्ली त्यांच्याकडून गेली आणि नुकत्याच लागलेल्या मदतनीस पोरीच्या हातात आली.

मी दुपारी त्यांना गाठलं. डॉक्टरांना सांगतो म्हटलं. त्या कापसाचे बोळे करून डबीत भरत होत्या. म्हणाल्या, "सर, तुमच्यापाशी गावातले पोट्टे शिकाले येतेत. उद्या तुमचं कोण ऐकन? माहं काय, दोन वर्षं राहिली. आता गप राहा." आणि मग डबीचं झाकण लावून, "पन पोरीले रागावू नोका बरं. तिनं गावाचे लेकरं वाचवले."

मी गप राहिलो. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. मला ते सोयीचं होतं म्हणून.

दोन दिवसांनी नव्या लसी आल्या, गुड्डीला टोचली, आणि कार्डावर पेन्सिलीनं शब्द उमटला, 'बर्फ'. तो शब्द वाचायला मला फार त्रास व्हायचा. त्यांना मात्र ती बाकी गोष्टींसारखीच एक गोष्ट होती. मला त्या त्यानंतर कधी एका शब्दानं टोचून बोलल्या नाहीत. फक्त दवाखान्यात बसलो की दिसायचं, लस काढायची वेळ आली की त्यांचा हात आपोआप कमरेकडे जायचा, तिथं काही नसायचं, आणि मग त्या नव्या पोरीला हाक मारायच्या.

गेल्या साली गुड्डी सायकल शिकत होती. ती सांगत होती, "मी एकटी स्टेशनच्या उतारावर गेली, न मंग..." सुई टोचून झाली. "बाकीचं पुढच्या साली," सिस्टरबाई म्हणाल्या आणि लिहिलं, 'सायकल'. उन्हाळ्यात गुडघेदुखीनं जोर केला तेव्हा त्या नोकरी सोडून लोधीखेड्याला भावाकडे राहायला गेल्या. मी म्हटलं, एक दिवस जाऊ, गुड्डीलाही नेऊ, आणि तिथं त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावून खरं सांगू. लोधीखेडा काय विलायतेत आहे? सौंसरला बस बदलली की झालं. पण शाळा सुरू झाली, परीक्षा आल्या. पावसाळ्यात त्या वारल्या. मला पंधरा दिवसांनी कळलं, भाजी घेताना.

यंदा मंडीत संत्री आली. मधल्या सुट्टीत मी फोन समोर ठेवून डबा खायचो. आता येणार नाही हे माहीत होतं, तरी ठेवायचो. मला सिस्टरबाईंची आठवण येते. फार येते.

शेवटी मीच गुड्डीला घेऊन गेलो. तिला बाकड्यावर बसवलं, आधी एकटा डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. लाईन, बर्फाचा कप्पा, माझं 'हाव'. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सिस्टरबाई जाईपर्यंत मी त्यांना किल्ली परत दिली नाही, सर," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, पोरीला घेऊन या.

सिस्टरबाईंच्या जागी आलेली नवी सिस्टर चांगली मुलगी आहे, हात हलका आहे. तिनं कार्ड पाहिलं, तारीख पाहिली, पेन्सिलीचे शब्द तिला काय कळणार? गुड्डी आता आठ वर्षांची. ती दंड पुढे करून गप्प बसली आणि दाराकडे पाहत राहिली. सुई भरली गेली तशी मला तिची नजर पाहवेना. मी खाली वाकलो आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न विचारला.

"उतारावर गेली ना तू? मंग, पुढं काय झालं?"

गुड्डीनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "ते सिस्टरबाईले सांगाचं व्हतं."

नवी सिस्टर म्हणाली, झालं. कापूस दाबून धर.