बाभळीची गॅरंटी

बाग करायला घेतली की झाडं जगतील का याचा भरवसा नसतो, किस्से मात्र पाणी न घालता वाढतात. कोल्हारच्या पुढं, प्रवरेकाठच्या एका गावात बागेचा आराखडा करायचं काम मला मिळालं. तिथं तर किस्स्यांचं नुसतं रान माजलं.

पहिलीच मीटिंग. समोर बाग कमिटीचे अध्यक्ष, अण्णा. मी म्हटलं, विहिरीजवळची जुनी बाभूळ ठेवू, कडेला देशी गवत वाढू दे, फुलपाखरं येतील.

"गवत आमच्या बांधावर फुकट हाय, मॅडम. हितं लॉन पायजे."

"अण्णा, लॉनसुद्धा गवतच असतं."

"व्हय, पण ते इकत घ्यावं लागतं."

*

ठेकेदार सलीमभाई. बाकड्यापासून सिमेंटच्या बदकापर्यंत सगळ्याला एक वर्षाची गॅरंटी. अट एकच: कुणी हात लावायचा नाही.

कारंजं बसलं. अण्णांनी कौतुकानं बटण दाबलं. पाणी वर जायचं सोडून थेट त्यांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर आलं.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "हात कुनी लावला?"

*

कारंज्याच्या तळ्यात बेडूक ओरडतात, शोभा जाते, म्हणून अण्णांनी ते पाटीत भरून बाहेर काढले. पंधरवड्यात डासांनी बाग ताब्यात घेतली.

"मॅडम, डासावर काय औषध?"

"बेडूक."

अण्णा हळूच म्हणाले, "ते विरोधी पार्टीच्या विहिरीत सोडलेत. आता मागायचे कसे?"

*

पावसाळ्यात सुगरण पक्षी आले. बाभळीवर खोपे विणायला त्यांना लांब पट्ट्या लागतात. त्या त्यांनी सलीमभाईंच्या नव्याकोऱ्या शोभेच्या पामवरून सोलून नेल्या. पामचे पार खराटे झाले.

अण्णा भडकले. "बाभूळच तोडा. काटेरी, गावठी झाड ते."

"अण्णा, खोप्यांत पिल्लं आहेत."

"आत्ता तोडली तर काटे लॉनवर पडतील. उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवशी तोडू."

मी भांडले, हात जोडले, शेवटी गाडीत बसून रडले. सलीमभाई बाहेर उभे होते. मान वर करून खोप्यांकडं बघत होते.

*

उद्घाटनाला पाहुणे आले, मोठे पुढारी. कारंजं पाहिलं नाही, बदकं पाहिली नाहीत. थेट बाभळीखाली जाऊन उभे राहिले. डोळे भरलेले.

"आमच्या विहिरीवर अशेच खोपे हुते. आता कुटं दिसत न्हाईत. अण्णा, लई मोठं काम केलंत."

अण्णांनी छाती फुगवली. "खास तुमच्यासाठी बसवून घेतलेत, साहेब."

"बसवून? कुनाकडून?"

अण्णांनी घाईघाईनं सलीमभाईंना पुढं ढकललं.

सलीमभाईंनी टोपी नीट केली, पाहुण्यांना सलाम केला आणि अण्णांकडं बघत म्हणाले, "दर पावसाळ्यात नवीन बसवून देऊ, साहेब. फक्त झाडाला कुनी हात लावायचा न्हाई. लावला तर गॅरंटी गेली."