वखारमास्तरांचं भाषण

आमच्या इतिहासाच्या मास्तरांना सगळे वखारमास्तर म्हणत. गावात कधीकाळी वखार घालणाऱ्या इंग्रज कंपनीबद्दल ते असं बोलत, जणू ती परवाच राजापुरातली खोली रिकामी करून गेलीय आणि जाताना दारही लोटलं नाही. नदीत गाळ साचला, गलबतं मुंबईकडे वळली, हे सांगताना बोट आमच्याकडे: "बंदर गाळाने बुजलं, मेल्यांनो. तुमची डोकी कशाने बुजली?" आम्ही त्यांच्या लंगड्या चालीची नक्कल करायचो. सगळ्यात हुबेहूब मी.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. मुघल बादशहाकडे वकील पाठवला इंग्लंडच्या राजाने, खर्च उचलला कंपनीने. "मग दरबारात तो कोणाचं बोलेल?" उत्तर चुकलं की पट्टी. बरोबर आलं तर टोमणा: "हे बरं कळतं तुला!"

निवृत्तीनंतर त्यांना एकच ध्यास उरला. वखारीच्या काळातला, नदीकाठचा जांभ्याचा धक्का. तो माझ्या जागेत होता आणि मला तिथे माझ्या हॉटेलच्या गाड्यांसाठी सपाटी करायची होती. मास्तर येऊन दम देत, "चिऱ्याला हात लावलास तर बघ."

मग लंडनहून कंपनीच्या इतिहासाचे तीन अभ्यासक आले. पाहुणचार आम्ही व्यापाऱ्यांनी वाटून घेतला. गाडी एकाची, मुक्काम दुसऱ्याचा, जेवण माझं. वाट चिखलाची आहे सांगून मी त्यांना धक्क्याकडे नेलंच नाही. मास्तर इंग्रजी वाचायचे, पण गोऱ्यांचं बोलणं त्यांच्या कानाला उमगत नसे. म्हणून दुभाष्या मीच.

जेवताना मास्तर उभे राहिले. "तुमच्या माणसांनी इथे काय केलं, ते मी विचारत नाही. फक्त धक्का बुजू देऊ नका. सरकारला दोन ओळी लिहा."

मी इंग्रजीत सांगितलं, मास्तरांना फार आनंद झालाय, सोलकढी आवर्जून घ्या म्हणतायत.

टाळ्या पडल्या. एकाने सोलकढीचा पेला उंचावला. मास्तरांनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

पुढे ते रोज गल्ल्याशी येत. "आलं का रे त्यांचं काही?"

"येईल, मास्तर. चहा घ्या."

मे महिन्यात मी जेसीबी लावला. मास्तर धापा टाकत आले. "त्यांनी काही कळवलंच नाही," मी म्हटलं, "मी तरी किती थांबू?" ते उखडलेल्या चिऱ्यावर बसले. "इंग्रज तो इंग्रजच," म्हणाले. मग माझा हात धरला. "तू मात्र बोललास हो माझ्यासाठी."

मुलीने त्यांना पालीला, आपल्या घरी नेलं. पावसाळा सरायच्या आत ते तिथेच वारले. तेराव्याला ती म्हणाली, "दादा, बाबा शेवटपर्यंत तुमचंच नाव घ्यायचे," आणि माझ्या पानात आग्रहाने आणखी एक वडा वाढला.

तो मी खाल्ला.