साखळी माझ्यापाशी थांबली

देवाशी मोठ्यानेच बोलायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. मी नगरकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. घरात, मंडळीत, प्रवासाला निघताना, दवाखान्यात कुणाला भेटायला गेल्यावर, जो तो डोळे मिटून तोंडाने प्रार्थना करताना मी लहानपणापासून ऐकलेला. मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्याला आमच्यात जरा लाजरा समजतात. शारजात आल्यापासून इथली मराठी माणसं मला विचारत आली आहेत, "ख्रिश्चन? म्हणजे गोव्याच्या का?" मी सांगते, "नाही हो, नगरची. भाकरी-ठेचा खाणारी ख्रिश्चन." आणि हे सांगतानाही माझा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत जायचा.

आवाजावरच माझं सगळं चालायचं. मी इथल्या एका इंडियन शाळेत तिसरीला शिकवते. तिसरीचा वर्ग विद्वत्तेने ताब्यात राहत नाही, घशाने राहतो. चर्चच्या आवारात आम्हा मराठी लोकांना हॉल मिळतो तो तेलुगू मंडळीनंतर आणि उर्दूवाल्यांच्या आधी, त्यामुळे पाळकसाहेब कायम घाईत. पण शेवटची प्रार्थना मलाच करायला सांगायचे. मग बायका माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, "काय सुंदर प्रार्थना केलीत!" मला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

त्या गळ्यालाच गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि गाठ साधी निघाली. रिपोर्ट आला त्या दिवशी नवरा खाली पार्किंगमध्ये जाऊन रडून आला आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाला. शारजात धुळीला काय तोटा, म्हणून मी ते मान्य केलं. पण गाठीबरोबर माझा आवाजही गेला होता. तोंड उघडलं की नुसती हवा यायची.

डॉक्टर सीरियाचे, फार शांत गृहस्थ. त्यांनी नाकातून कॅमेरा घालून पाहिलं आणि सांगितलं, की आवाजाच्या दोन पडद्यांपैकी एक हलत नाहीये, त्याची नस दुखावली आहे. काही महिन्यांत हलेल, किंवा नाही हलणार. तोवर घशावर जोर द्यायचा नाही. मग म्हणाले, "इन्शाल्ला."

मला असा संताप आला! दुकानदाराने म्हणावं, गाडी दुरुस्त करणाऱ्याने म्हणावं. ऑपरेशन करणाऱ्याने इन्शाल्ला म्हणायचं म्हणजे काय? मला हो की नाही ते हवं होतं. शाळेने टर्म संपेपर्यंत रजा दिली होती आणि त्यानंतर "बघू" म्हटलं होतं. बिनआवाजाची बाई तिसरीच्या वर्गात उभी करून कोण काय करणार? मी मोबाइलवर टाइप करून डॉक्टरांसमोर धरलं, 'म्हणजे नक्की?' ते हसले आणि त्यांनी तोच शब्द पुन्हा म्हटला.

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. मग रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याने प्रभूची प्रार्थना म्हटली आणि मी नुसते ओठ हलवले. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे आल्यावर माझे ओठ थांबले. हे वाक्य मी बोलायला शिकले तेव्हापासून रोज म्हणत आले होते, दोनाच्या पाढ्यासारखं. डॉक्टरांच्या इन्शाल्लाचा अर्थ तरी वेगळा काय होता? फरक एवढाच, की त्यांना ते खरं वाटत होतं आणि मला त्याची भीती वाटत होती.

आजारी माणसाला भेटायला येणं हे आमच्या मंडळीचं मोठं काम. सगळे आले. कुणी ज्येष्ठमध आणला, कुणी मध, कुणी सल्ले. एक बाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो ना, त्यालाच शिक्षा करतो." मी मनात म्हटलं, मग तुमच्यावर त्याची प्रीती जरा बेताचीच दिसते. हे तोंडाने म्हणता येईना, हेच त्या काळातलं सगळ्यात मोठं दुःख! मी हसून मोबाइलवर टाइप करायचे, 'मी ठीक आहे. प्रभू पाहून घेईल.' तेच वाक्य कॉपी करून सगळ्यांना पाठवायचे. नगरला आईला, शाळेतल्या मैत्रिणींना, नवऱ्यालासुद्धा. ते वाचून सगळे म्हणायचे, काय विश्वास आहे! आणि बाथरूममध्ये नळ सोडून मी रोज 'अ' म्हणून बघायचे. हवा यायची.

अशातच एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी कुटुंब-प्रार्थना ठेवली होती. हॉलमधल्या गालिच्यावर दहा-बारा जण गोल बसले. पुण्याकडचे एक काका चालवत होते. गीत झालं, वाचन झालं आणि काका म्हणाले, "आता साखळी प्रार्थना करू. दारापासून सुरुवात." साखळी प्रार्थना म्हणजे एकेकाने ओळीने मोठ्याने प्रार्थना करायची. एकाने आमेन म्हटलं की शेजारच्याने सुरू करायचं. डोळे सगळ्यांचे मिटलेले, त्यामुळे आमेन हीच खूण. ज्यांना जमत नाही ते नुसतं 'पास' म्हणतात. माझी मुलगी, दहावीतली, इथेच वाढलेली, मराठीत प्रार्थना करायला लाजायची आणि दर वेळी पास म्हणायची.

मला वगळून पुढे जायचं, हे काकांच्या लक्षात राहिलं नाही. इतर कुणाच्याही नाही. नवऱ्याने आमेन म्हटलं आणि साखळी माझ्यापाशी येऊन थांबली.

सगळे वाट बघत होते. मी आमेन म्हटलं, ते एसीच्या घरघरीत विरलं. डोळे उघडून पाहिलं, तर बारा माणसं भक्तिभावाने डोळे मिटून बसलेली. खुणा करणार कुणाला? नवऱ्याला कोपराने ढोसलं. त्याला वाटलं मला भरून आलंय, त्याने माझा हात घट्ट दाबला आणि डोळे आणखी मिटून घेतले. हसावं की रडावं कळेना. माझ्या एवढ्या मोठ्या प्रार्थनांची सवय असलेली माणसं ती, तशी लवकर हलणार नव्हती.

मग मीही डोळे मिटले. सवयीने वाक्य जुळवायला लागले, 'हे सर्वसमर्थ, दयाळू स्वर्गीय पित्या', आणि थांबले. ऐकायला कुणी नव्हतंच. ज्याला ऐकायचं होतं त्याला ही सजावट नको होती. मग जे आलं ते आलं. आधी राग. तुला माझा आवाजच सापडला होता का रे? गुडघा घ्यायचास, कान घ्यायचास. एवढी वर्षं तुझंच गुणगान केलं ना या गळ्याने? असं मी देवाशी कधीच बोलले नव्हते. आमच्यात असं बोलत नाहीत. राग संपल्यावर खाली भीती होती. मला फार भीती वाटते, मी म्हटलं. आवाज आला नाही तर मी कोण, हे मला माहीत नाही. मी ठीक नाहीये. सगळ्यांना खोटं सांगतेय.

काहीही झालं नाही. आकाशवाणी झाली नाही, गळ्यात ऊबबिब काही जाणवली नाही. पण हे सगळं ऐकून तो उठून गेला नाही, एवढं मला पक्कं कळलं. ऑपरेशनच्या आधीपासून छातीत अडकलेला श्वास पार पोटापर्यंत गेला. इतकं हलकं वाटलं, की भिंतीला टेकून झोपावंसं वाटलं.

तेवढ्यात माझ्या पलीकडे बसलेल्या मुलीचा आवाज आला. "आय थिंक मम्मा इज डन." काकांच्या तोंडून "अरे देवा" निघालं. ती आता पास म्हणणार, असं मला वाटलं. ती म्हणाली, "देवा, मम्माला आवाज दे. आणि तोपर्यंत मी बोलते. आमेन."

एवढंच. आणि ती खरंच बोलायला लागली. फार्मसीत बोलली, टॅक्सीवाल्याशी हिंदीत बोलली, रोज संध्याकाळी नगरला आजीशी तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलली. मी शेजारी बसून ऐकायचे. या मुलीला एवढं बोलता येतं, हे माझ्या आवाजात मला कधी ऐकूच आलं नव्हतं. आवाज येईल की नाही याची धास्ती गेली नाही, पण ती आता माझ्या एकटीच्या बोकांडी नव्हती.

टर्म संपत आली तेव्हा पुन्हा कॅमेरा घातला. डॉक्टरांनी "ई" म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. ते स्क्रीनकडे वाकले, आणि बोलले ते सवयीने माझ्या मुलीशीच. "शी इज मूव्हिंग. खलास, शी विल टॉक." पडदा हलत होता, आणि इथलं 'खलास' म्हणजे 'झालं, मिटलं'. एवढे दिवस माझ्या वतीने खणखणीत बोलणारी माझी लेक ओंजळीत तोंड घालून हमसाहमशी रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. डॉक्टरांनी टिश्यूचा डबा पुढे केला.

आवाज हळूहळू आला, आणि आला तो जाडाभरडा. "यू साउंड लाइक पप्पा," मुलगी म्हणाली. गाणं अजून जमत नाही. वरचे सूर कदाचित कधीच जमणार नाहीत. शाळा मात्र सुरू होणार होती, तिची आणि माझीही. पुस्तकं आणायला आम्ही दोघी निघालो आणि नेहमीप्रमाणे ट्रॅफिकमध्ये अडकलो. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिने मान न वळवताच विचारलं, "मम्मा, वेअर यू स्केअर्ड?"

मी ठीक होते, प्रभूवर विश्वास होता, हे वाक्य तोंडात तयार होतं. विश्वास होताही.

"हो," मी त्या घोगऱ्या आवाजात म्हटलं. "फार घाबरले होते गं."

"मी टू," ती म्हणाली आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. समोरच्या गाड्या हलेपर्यंत ते तिथेच राहिलं.