पत्रकातून मी खोडलेली ओळ

मित्रहो, आज सकाळी पिपरी मेघे गावात नामदेवराव भेटले. जवळजवळ चाळीस वर्षांनी!

ऐंशीच्या दशकात हिंगणघाटच्या एका कृषी दुकानात आम्ही दोघांनी मिळून कपाशीवरच्या औषधाचं पत्रक लिहिलं होतं. ते गावोगाव फिरणारे विक्रेते, मी भाषा तपासणारा. त्यांनी शेवटी लिहिलं होतं, ‘फवारताना तोंडाले फडकं बांधजो.’

“हे वाचून गिऱ्हाईक भिईल,” असं म्हणून मी ती ओळ खोडली. ते काही बोलले नाहीत. पत्रक छापून गावोगाव वाटलं गेलं.

महिन्याभरात त्यांच्याच गावचा एक शेतकरी तोंडाला काही न बांधता फवारताना चक्कर येऊन पडला. जीव वाचला, पण हातांना कायमचा कंप राहिला.

आज मी म्हणालो, “नामदेवराव, ती ओळ मी खोडायला नको होती.”

ते म्हणाले, “खोडली तुमी, पण मले तर मालूम होतं ना. मी काऊन चूप राह्यलो?”

इतकी वर्षं तेही हेच मनात घेऊन जगत होते. त्या दिवशी “तुम्हाला काय वाटतं?” एवढंही मी त्यांना विचारलं नव्हतं.

तुमच्या टीममध्ये मजकूर पक्का करताना गप्प बसलेल्या माणसाला तुम्ही विचारता का?