रूबेचा पाषाण

नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या एका ऊर्जा-कंपनीत विश्वास गेली एकोणीस वर्षे अभियंता आहे. यंत्रांविषयी निःशंक, माणसांविषयी सदैव संभ्रमित. सासूबाई वीणाताईंनी देवघरात मांडलेल्या चौकोनी पाषाणासमोर तो नऊ महिने रोज हात जोडत आला. का, हे मात्र त्याला सांगता आले नसते.

पाषाण उत्तर फ्रान्समधल्या रूबे नगरीजवळचा. शतकाहून जुनी सायकलशर्यत तिथल्या क्रीडांगणात समाप्त होते. वाटेतली दगडी फरसबंदी स्वारांची हाडे खिळखिळी करते, आणि विजेत्याला सुवर्णचषक नव्हे, तसलाच एक दगड मिळतो. हौशी स्वारांच्या फेरीत विश्वास तो मार्ग पुरा करून आला, तेव्हा शेजारच्या वृद्ध हेंकने आपल्याजवळचा दगड कौतुकाने त्याच्या हाती ठेवला होता.

आता हेंकचा निरोप आला : "तो दगड मी तरुणपणी शर्यतीच्या रस्त्यातून उपटून आणला होता. शस्त्रक्रियेआधी जागेवर बसवायचाय. रविवारी नेशील मला?"

विश्वासने देवघरापाशी दोनदा घसा खाकरला. "आई, तो दगड परत द्यायचाय."

"दगड? नऊ महिने नमस्कार करताना दगड नव्हता वाटतं, विश्वासराव?"

"मी तुम्हाला बघून करत होतो."

"आणि मी तुम्हाला बघून! सायकलवर निघताना त्याला हात लावून जायचात. म्हटलं, जावयांचं काही दैवत असेल. विचारायचं तरी कसं?"

दोघेही पाषाणाकडे पाहत राहिले. मग तो देव होता तरी कोणाचा?

"चोरून आणलेला आहे तो," विश्वास पुटपुटला.

"मग थांबेल कशाला?" वीणाताईंनी अक्षता वाहिल्या, उत्तरपूजेच्या रीतीने पाषाण किंचित हलवला आणि म्हणाल्या, "पुनरागमनाय च." लगेच थबकल्या. "परत म्हणजे इकडे, की तिकडे हो?"

विश्वासने पाषाण उचलून पिशवीत ठेवला.

रविवारी रूबेनजीक रस्ता दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकाने पाषाण खाचेत ठोकून बसवला. त्यावरच्या कुंकवावरून अंगठा फिरवत त्याने प्रश्नार्थक पाहिले. विश्वास नुसता ओशाळून हसला. हेंकने आपली चाकांची खुर्ची त्यावरून नेली आणि हिसक्यासरशी पोरासारखा खिदळला.

"आता तू!"

विश्वास सायकलवरून पाषाणापर्यंत आला आणि उतरला. देवावरून चाक न्यावे, की वळसा घालावा? हेंक वाट पाहत होता. अखेर विश्वासने वाकून नेहमीसारखा पाषाणाला हात लावला, आणि स्वार होऊन चाक त्यावरून नेले.