हौदातला गाळ

दुपारची, जोहरची नमाज झाली, जेवण झालं. मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलो आहे, पण झोप लागत नाही. न्हाणीघरात नळ चालू आहे. माझी नात मिस्बा हात धुते आहे. पाव तास होऊन गेला असेल. साबण लावते, चोळते, धुते, पुन्हा साबण लावते.

"नखातली माती निघतच नाही," ती आतून म्हणते. हे ती नळाला सांगते आहे. माझ्याशी ती सकाळपासून बोललेली नाही.

माझ्या छातीवर एक कागद पडला आहे. पंखा त्याला उचलू बघतो, मी हाताने दाबून धरतो. मशिदीच्या कमिटीचा अध्यक्ष जुबेर बागवान परवा तो देऊन गेला. जुबेर माझाच विद्यार्थी. पत्रकाचा मसुदा होता. दिवाळीत आपल्या मुलांनी शेजारच्या मुलांबरोबर किल्ले करू नयेत, आकाशकंदील लावू नयेत, फराळाच्या ताटाला हात लावू नये, वगैरे. उद्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजेला वाटायचं आहे. "गुरुजी, तुम्ही फक्त भाषा बघा," तो म्हणाला.

चाळीस वर्षं मास्तरकी केली की एक खोड लागते. चुका असलेला कागद समोर आला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मी बसलो आणि बघितली भाषा. वाक्यं सरळ केली, एक लांबलचक परिच्छेद तोडून दोन केले. मधे एक वाक्य होतं: 'आपल्या मशिदीचे मरहूम पेशइमाम हाफिज करीमसाहेब यांनीही मुलांना अशा खेळांत पाठवण्यास सक्त मनाई केली होती.' ते वाक्य मी वाचलं. ते खोटं आहे हे या गावात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मी त्यातला एक शब्द मागेपुढे केला आणि पुढच्या ओळीवर गेलो. शेवटी जुबेरने 'तपासून मान्य' असं लिहून जागा सोडली होती. तिथे सही केली.

आज सकाळी मिस्बाने कागद उचलला. नऊ वर्षांची आहे, छान वाचते. मीच शिकवलंय. शेजारच्या निकमांच्या अंगणात ती आणि त्यांची ऋजुता चार दिवस किल्ला करताहेत. हात कोपरापर्यंत मातीचे. हाफिजसाहेबांच्या वाक्यावर ती थांबली.

"नाना, ते तर टोपल्या भरून द्यायचे ना? तुम्हीच सांगता."

मी म्हणालो, "तुला नाही कळायचं. मोठ्यांचं आहे ते."

हे वाक्य मी उभ्या जन्मात कुठल्याही मुलाला म्हटलं नव्हतं. म्हणणाऱ्या मास्तरांची मला किळस यायची. मिस्बाने कागद होता तसा ठेवला, किल्ल्यावर पेरायला भिजवलेल्या हळिवाची वाटी निकमांच्या अंगणातून परत आणली, ओट्यावर झाकून ठेवली. मग ती हात धुवायला गेली. तेव्हापासून अधूनमधून जाऊन धुतेच आहे.

असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेआधी जुबेर कागद न्यायला येणार आहे. छापखाना त्याची वाट बघतोय.

नळ वाहतो आहे. पाण्याचा आवाज मोठा होतो, दगडावर पडल्यासारखा होतो. माझे पाय गार पडतात.

पाय गार पडतात कारण मी गुडघाभर गाळात उभा आहे. मशिदीचा जुना दगडी हौद. पावसाळाभर विहिरीचं गढूळ पाणी त्यात येतं, आणि पाऊस सरला की हौद उपसतात. तळाला उरतो तो गाळ लोण्यासारखा मऊ असतो, त्यात खडा सापडत नाही. माझ्या हातात घमेलं आहे. माझे हात म्हाताऱ्याचे आहेत, पण चड्डी नाडीची आहे आणि ती सारखी खाली घसरते.

हौदाच्या काठावर हाफिजसाहेब बसले आहेत. लुंगी वर खोचलेली, टोपी मागे सरकलेली. त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली हे मला माहीत आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही.

"भर रे बाबालाल," ते म्हणतात. "बाहेर पोरं उभी आहेत."

मी घमेलं भरतो. दरवर्षी असंच असायचं. मशिदीच्या दारात सगळ्या गल्लीची मुलं रांग लावायची, निकमांची, तांबोळ्यांची, शिंप्यांची, आमची. हाफिजसाहेब प्रत्येकाच्या डोक्यावर गाळाची टोपली चढवायचे. या गाळाचे बुरूज तडकत नसत. एकदा मुलांनी मातीचे घोडे वाळायला म्हणून हौदाच्या काठावर ओळीने मांडले, तर ते म्हणाले होते, "घोडे सावलीत न्या रे, आणि पाणी दुसरीकडे पाजा. हे वुजूचं आहे, नमाजेआधी हातपाय धुवायचं."

मी ती आठवण सांगायला तोंड वर करतो, तर हाफिजसाहेब मान खाली घालून थुंकताहेत. गुलाबी लगदा. पुन्हा थुंकतात. दाढीला लागतो. ते बोटाने तोंडातून काहीतरी ओढून काढतात. ओला कागद आहे, लांबच्या लांब, संपतच नाही.

मी घमेलं खाली ठेवतो.

"काय खाताय हे, हाफिजसाहेब?"

"मी कशाला खातोय? तू भरवलंस."

"मी फक्त भाषा बघितली."

"हो. म्हणून तर घशात अडकत नाही. गुळगुळीत उतरतंय." ते पुन्हा थुंकतात. "पण चव बघ एकदा. शाईची आहे."

लाल शाईचा वास येतो. तो मला आयुष्यभर आवडत आला आहे. नव्या वह्या, तपासलेले पेपर, जूनमधली शाळा. आता तो फुलदाणीतल्या कुजलेल्या पाण्यासारखा येतो आहे.

हौदाची समोरची भिंत काळी आहे. फळाच आहे तो, माझ्या सातवीच्या वर्गातला, खालचा उजवा कोपरा फुटलेला. गाळात रांगेने मुलं बसली आहेत, कमरेइतकी रुतलेली. सगळ्यांचे हात स्वच्छ आहेत. इतके स्वच्छ की पांढरे पडलेत, बोटांची कातडी सुरकुतली आहे. फळ्यावर माझ्या अक्षरात ते वाक्य आहे आणि मुलं ते एका सुरात म्हणताहेत.

"मरहूम पेशइमाम हाफिज करीमसाहेब यांनीही..."

"छान म्हणताहेत," हाफिजसाहेब म्हणतात. "उच्चार स्पष्ट आहेत. तुझ्या हाताखालची दिसतात."

"थांबा रे," मी मुलांना म्हणतो. कुणी थांबत नाही. माझ्या वर्गात मला कधी ओरडावं लागलं नाही, आणि आता ओरडायला जातो तर आवाज फुटत नाही. पहिल्या बाकावर, म्हणजे पहिल्या रांगेतल्या गाळात, एक मुलगी बसली आहे. ती म्हणत नाही. ती फक्त माझ्याकडे बघते आणि हातावर हात चोळते.

मी फळा पुसायला डस्टर शोधतो. खडूच्या पेटीत हळीव भरलेलं आहे.

फळ्यामागून निकमांचं अंगण सुरू होतं. तुळशीशेजारी किल्ला उभा आहे. मी जवळ जातो. लांबून चांगला दिसतो, तट सरळ, बुरूज गोल. हात लावतो तर बोटं आत जातात. मातीचा नाहीच. पत्रकांचा आहे, भिजलेल्या कागदांचा, आणि आतून कोमट आहे. हात बाहेर काढतो तर बोटांवर गुलाबी पाणी. मी ते सदऱ्याला पुसतो आणि सदरा पुसण्याच्याही लायकीचा राहत नाही.

हाफिजसाहेब काठी टेकत मागे येतात. तुळशीपाशी येताना दोन पावलं लांबून वळसा घेतात. जिवंतपणीही ते असेच जात, कुणाच्या देवाला धक्का लागू नये म्हणून.

मी अंगणातल्या पायरीवर बसतो. मला आता भांडायचं आहे.

"हाफिजसाहेब, जुबेरचं सगळंच चुकीचं नाही. सण त्यांचा आहे. आपली मुलं आपली राहायला हवीत की नकोत? काळजी वाटते माणसाला."

"वाटावी की. मला वाटत नव्हती? तुला मी काय सांगितलं होतं?"

"पूजेला बसायचं नाही."

"बसलास कधी?"

"नाही."

"मी बोलावलं म्हणून निकमाचा पोर कधी नमाजेला उभा राहिला?"

"नाही. तो ईदला शिरखुर्मा खायला यायचा. तीन वाट्या खायचा."

"चार," हाफिजसाहेब म्हणतात. "पूजा त्यांची, नमाज आपली. हा बांध मी राखला होता. बांधाच्या अलीकडे पलीकडे मातीच होती ना? ती भिजवायला मी कधी मना केली?"

"पण कुणाला वाटत असेल की तेही नको..."

"तर त्याने नको म्हणावं! जुबेरला वाटतं ना? मग जुबेरने मशिदीत मिंबरजवळ, खुतब्याच्या जागी उभं राहावं आणि म्हणावं, मला असं वाटतं. लोक ऐकतील, नाहीतर भांडतील. मीही भांडलो असतो." ते काठी आपटतात. "मी मेलोय, बाबालाल. मला ना हो म्हणता येतं, ना नाही. माझ्या तोंडात दुसऱ्याचा शब्द कोंबायला लाज नाही वाटली?"

"त्याने कोंबला."

"त्याने आणला. कोंबला तू. त्याला नीट लिहिता येत नाही. तसाच छापला असता तर लोक हसले असते, माझं नाव घेऊन कुणी काहीही लिहितं म्हणाले असते. तू त्याला इस्त्री करून दिलीस."

मला माझी किळस येते, अगदी शरीराची येते तशी. अंगावरून गोगलगाय फिरून गेल्यासारखी. सही करताना मी अक्षर नेहमीपेक्षा जरा वळणदार काढलं होतं, ते आठवतं. भीती होती म्हणून केली असती तर एक वेळ समजलं असतं. मला कुणाची भीती नव्हती. सत्तरीत आल्यावर कमिटीने घरी येऊन 'गुरुजी, तुम्ही बघा' म्हटलं, मला बरं वाटलं, एवढंच. एवढ्यासाठी मी एका मेलेल्या माणसाच्या तोंडात कागद घातला आणि एका जिवंत पोरीच्या हातातली माती काढून घेतली.

"ती काय म्हणाली?" हाफिजसाहेब विचारतात. कोण ती, हे ते सांगत नाहीत.

"टोपल्या द्यायचे ना, म्हणाली."

"मग बरोबर सांगितलंस की तिला. आधी." ते हसतात. दातांच्या फटीत अजून एक कपटा आहे, त्यावर माझी सही दिसते. "हात पुढे कर."

मी उजवा हात पुढे करतो. लहानपणी अलिफ-बे चुकलं की असाच करायचो. ते मारत नाहीत. लुंगीच्या ओच्यातून मूठ काढतात आणि माझ्या तळहातावर भिजलेलं हळीव ओततात. बुळबुळीत, गार. बेडकाची अंडी धरल्यासारखं वाटतं, मी हात मागे घेऊ बघतो.

"शी म्हणू नकोस," ते म्हणतात. "हे असंच असतं. चिकटल्याशिवाय उगवत नाही. मूठ मीट."

मी मूठ मिटतो. बोटांच्या फटीतून ते चिकट पाणी मनगटावर ओघळतं.

"कागदाच्या किल्ल्यावर टाकू?"

"त्यावर काय उगवणार आहे?"

ते उठतात. हौद पुन्हा त्यांच्यामागे आहे, उपसलेला, तळ लख्ख. ते पायऱ्या उतरून आत जातात, वाकतात, चूळ भरतात. एकदा, दोनदा, तीनदा. वुजूला भरतात तशी. तिसऱ्या चुळेचं पाणीही गुलाबीच पडतं. ते माझ्याकडे वळून बघतात, रागाने नाही. अजून तोंड स्वच्छ झालं नाही, एवढंच सांगितल्यासारखं.

नळ बंद होतो.

मी डोळे उघडतो. पंखा फिरतो आहे. छातीवरचा कागद जमिनीवर पडला आहे. घड्याळात सव्वातीन. न्हाणीघराच्या दारात मिस्बा उभी आहे, हात फ्रॉकला पुसत. बोटं पांढरीफटक पडली आहेत. दारावरची कडी वाजते आणि बाहेरून जुबेरचा आवाज येतो, "गुरुजी, झोपलात का? कागद न्यायचा होता."

माझी उजवी मूठ मिटलेली आहे. उघडत नाही पटकन, बोटं एकमेकांना चिकटली आहेत. एकेक बोट सोडवतो. तळहाताच्या मध्यावर एक हळीव आहे. फुगलेलं, बुळबुळीत, आणि त्याला पांढरा कोंब आलेला.

मी ओट्याकडे बघतो. वाटी झाकलेलीच आहे.

"मिस्बा," मी म्हणतो, "पेन दे."

ती लाल पेन आणून देते, तरीही बोलत नाही. मी वाकून कागद उचलतो आणि हाफिजसाहेबांच्या वाक्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढतो. मग सहीवर. हात चिकट असल्यामुळे पेन सरकतं, रेघ वेडीवाकडी येते. येऊ दे. समासात लिहितो, 'हे खोटं आहे. टोपल्या मी स्वतः वाहिल्या आहेत,' आणि खाली साधं नाव.

"बाकीचं तुझं तू छाप, जुबेर," मी दाराकडे बघून म्हणतो. "तुझ्या नावाने. त्यावर आपण उद्या जुम्म्यानंतर भांडू. आत ये."

मिस्बा माझ्या तळहाताकडे बघते आहे. जवळ येते. बोटाने त्या दाण्याला हळूच शिवते.

"शी नाना," ती म्हणते. "हात धुवा."

मी हात धुवत नाही. तसाच पुढे धरतो, आणि ती निकमांच्या अंगणात न्यायला ओट्यावरची वाटी घेईपर्यंत दारात उभा राहतो.